वय न वाढणारा माल

आमच्या नळांच्या कारखान्यात मालाचं वय काढायचं काम माझ्याकडे आहे. माणसांनी वय चोरलेलं मला चालतं, दोन वर्षं मी स्वतःही खाल्ली आहेत. पण मालानं वय चोरलं की माझं डोकं फिरतं.

काम तसं सोपं. नळ ओततात, घासतात, मुलामा देतात, खोक्यात भरून गोदामात ठेवतात. विकले गेले तर उत्तम. नाही गेले तर पडून राहतात, आणि किती काळ पडून आहेत ते कॉम्प्युटर सांगतो. महिनाअखेर मी तो कागद चुओ शेठच्या टेबलावर ठेवते. तीन महिन्यांच्या आतला माल तरणा, वर्षाच्या आतला बरा, त्यापुढचा म्हातारा. फारच म्हातारा झाला की मोडीत, म्हणजे परत भट्टीत. शेठ म्हाताऱ्या रकान्यावर बोट ठेवून कण्हतात आणि विचारतात, "ल्वान-ताई, हे खरंच एवढं जुनं आहे का हो?" जसं काही त्यांचे नळ मीच घरी नेऊन म्हातारे करून आणले!

यंदा आमच्या लुगांग गावचा तो दात वाजवणारा वारा सुटला त्याच आठवड्यात नवं सॉफ्टवेअर आलं. जुन्याला एकच तारीख कळायची, माल शेवटचा हलला कधी ती. वय तिथून मोजायचा. म्हणजे सात वर्षांपूर्वीचं खोकं काल या रॅकवरून त्या रॅकवर ठेवलं, की जुन्या कॉम्प्युटरच्या लेखी ते कालचं बाळ. नव्यात दोन तारखा शेजारी शेजारी दिसतात, माल जन्मला कधी आणि शेवटचा हलला कधी. मी पहिल्याच सकाळी चहाचा पेला हातात घेऊन दोन्ही रकाने वरपासून वाचायला घेतले, आणि एका ओळीशी चहा प्यायचाच राहिला.

परदेशातल्या एका हॉटेलसाठी केलेले नळ होते ते. मुठीवर त्या हॉटेलचं बोधचिन्ह, म्हणून दुसऱ्या कुणाला खपण्यासारखे नाहीत. हॉटेलवाल्यांनी ऐन वेळी पाठ फिरवली आणि लॉट आमच्या गळ्यात पडला. जन्म सात वर्षांपूर्वीचा. वय मात्र दोन आठवडेसुद्धा नाही. कोणी हलवला म्हणून बघितलं तर नाव दिसलं, न्यान छिन-फू.

छिन-दादा आमचे गोदामवाले. जाऊन तीन वर्षं झाली. मी स्वतः त्यांच्या अंत्ययात्रेत पांढरा टॉवेल घेऊन चालले होते.

अंगावर सरसरून काटा आला, पण मी पडले संशयी. आमच्याकडे प्रत्येक कॉम्प्युटरवर मक्याच्या खाऊची हिरवी पुडी ठेवतात, यंत्रानं शहाण्या मुलासारखं वागावं म्हणून. हिरवीच लागते, आणि तिची मुदत उलटली की यंत्र चाळे करतं म्हणतात. मी पुडी उलटी करून तारीख बघितली. मुदत चांगली पुढच्या उन्हाळ्यापर्यंत होती. मग मागच्या महिन्याची नोंद उघडली, त्याच्या मागची उघडली. दर महिन्याला, माझा कागद निघायच्या थोडं आधी, तोच लॉट, तेच नाव. आणि वेळ नेमकी दुपारच्या झोपेची.

मी तडक शेठच्या खोलीत गेले. "शेठ, छिन-दादा अजून कामावर येतात."

शेठ कपात चहा ओतत होते. "सकाळी सकाळी काय अभद्र बोलता हो?"

"मी नाही बोलत. तुमचं नवंकोरं सॉफ्टवेअर बोलतंय."

त्यांनी कागद वाचला, मग उठून दार लावून घेतलं. चेहरा असा उतरला की मला वाटलं आता खुर्चीचा हात धरतात.

"हॉटेलवाले पळाले तेव्हा बँकेचा माणूस माल बघायला यायचा होता," ते म्हणाले. "म्हातारा माल बँक तारण धरत नाही. मी छिन-फूला म्हटलं, हा लॉट म्हातारा होऊ द्यायचा नाही. एवढंच."

"एवढंच! आणि ते गेल्यावर?"

"गेल्यावर मला वाटलं, ते काम तुम्ही उचललंत. दर महिन्याला तुमच्या कागदावर लॉट तरणाच दिसायचा. मी मनातल्या मनात तुमचे आभार मानत होतो."

मी कपाळावर हात मारून घेतला. "मनातल्या मनात! एकदा तोंडानं मानले असतेत तर तेव्हाच उलगडा झाला असता. तीन वर्षं भूत—"

"तो शब्द नको!" शेठनी माझ्यापुढे दोन्ही हात धरले. "भले भाऊ म्हणा. ऐकत असतात."

"भले भाऊ बिऊ काही नाही. कुणीतरी जिवंत माणूस आहे. दादांचा पासवर्ड तुम्ही बंद केला नाहीत, तो कुणाच्या तरी हाती लागलाय. मी शोधून काढते." असं ठणकावून मी गोदामाकडे निघाले.

गोदामात छिन-दादांचा कोपरा सगळ्यात आत. त्यांचं टेबल, खुर्ची, जुना कॉम्प्युटर, सगळं तसंच. नव्या गोदामवाल्यानं आपलं टेबल दाराशी मांडलंय आणि आतल्या कोपऱ्याचं नाव काढलं की त्याला बाहेरचं काम आठवतं. कोपऱ्यावरची दिव्याची नळी तेव्हापासून कुणी लावलेली नाही. मी मोबाईलच्या उजेडात हॉटेलचा लॉट शोधला. आजूबाजूच्या खोक्यांवर बोटभर धूळ, आणि या खोक्यांवर कण नाही. मागच्या मोजणीला ती खिडकीकडच्या रॅकवर होती. आता समोरच्या रॅकवर होती, कडेला कड लावून, लेबलं सगळी बाहेरच्या बाजूला.

माझ्या काळजात धस्स झालं ते तिथे. कारण कॉम्प्युटरला फसवायला खोकी हलवावी लागत नाहीत. दोन बटणं दाबली की पुरे. कुणीही चोर तेवढंच करेल. पण छिन-दादांचा एक हट्ट होता. शेठनी सांगितलं म्हणून नोंद करायचे, पण न हललेला माल हलला असं लिहायला त्यांचा हात धजायचा नाही. आधी एकेक खोकं उचलून दुसरीकडे ठेवायचे, मगच लिहायचे. पितळेची खोकी ती, दोन तरण्या माणसांना घाम फुटेल अशी.

त्या दिवसापासून दुपारची झोप माझ्यापुरती संपली. आमच्याकडे बारा वाजले की डबे वाफेच्या पेटीतून निघतात, जेवणं होतात, आणि मग दिवे मालवतात. सगळे आपापल्या टेबलावर हातांची उशी करून डोकं टेकतात. शेठसुद्धा. दीडला घंटा होते, दिवे लागतात, गालावर बाहीच्या वळ्या घेऊन माणसं उठतात. मधल्या वेळात कुणी मोठ्यानं शिंकतसुद्धा नाही. मी मात्र डोकं टेकून कान टवकारून बसायची. महिना संपत आला तशी एका दुपारी चपला हातात घेऊन गोदामात शिरले.

आतल्या कोपऱ्यात अंधारात कुणीतरी बसलं होतं. माझ्या तोंडून किंकाळीच बाहेर पडायची, तेवढ्यात आवाज आला, "ल्वान? जेवलीस का गं?"

छिन-दादांची बायको होती. आमच्याच कारखान्यात पॅकिंगला आहे, नळ पातळ कागदात गुंडाळते. मी तिला वहिनी म्हणते. दादांच्या टेबलाच्या या बाजूला स्टूल ओढून, मांडीवर डबा घेऊन ती गार भात खात होती. समोरची खुर्ची रिकामी.

"वहिनी! अगं, तुला काही वेळकाळ? माझा जीव गेला असता आत्ता!" मी छातीवर हात ठेवला आणि मग मला भलताच राग आला. "म्हणजे हे तुझं काम? लॉट तू हलवतेस?"

"मी?" तिनं हात पुढे केले, सांधे सुजलेले, बोटं वाकडी. "मला नळाचं एक खोकं उचलत नाही. आणि तो कॉम्प्युटर कुठून चालू करतात तेही मला ठाऊक नाही."

"मग कोण करतं?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं. "बस. आज येतीलच."

मी बसले. का बसले देव जाणे. पत्र्यावर वारा आपटत होता. थोड्या वेळानं निलगिरीच्या तेलाचा वास आला, दादा कपाळाला चोळायचे तो. मग रॅकच्या पलीकडे ढकलगाडीची चाकं घरंगळली, सावकाश, कुणाची झोप मोडू नये अशी. खोकं ठेवल्याचा जड आवाज. थोडं थांबून दुसरं खोकं. मला मान वळवता येईना. खोकी किती झाली ते मोजायचंही सुचलं नाही, मला! मग समोर टेबलावर कॉम्प्युटरचा पडदा आपोआप उजळला, स्कॅनरनं टुक्‌ केलं, एक ओळ उमटली आणि पडदा विझला.

वहिनीनं उकडलेलं अंडं अर्धं करून रिकाम्या खुर्चीसमोर ठेवलं.

"किती दिवस?" मी कुजबुजत विचारलं.

"पहिल्यापासून. मी रोज इथेच जेवते."

"आणि कुणाला बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही पुरोहित आणून यांना हुसकून लावलं असतंत." तिनं डबा बंद केला, आणि मग तिचा बांध फुटला. "मला हे घरी हवेत गं ल्वान. घरी अजून यांच्या नावाची पाटी बाहेरच्या टेबलावर एकटी आहे. वर्ष झालं तेव्हा विचारलं, पाटी पूर्वजांत घ्यायची का. चंद्रकोरी नाही म्हणाल्या. दुसऱ्या वर्षी नाही, यंदाही नाही. दीर म्हणतो, तूच काहीतरी केलं असशील. रोज सकाळी उदबत्ती लावते ती कुणासमोर? त्या पाटीत कुणी नाहीच. हे इथे खोकी उचलतायत, या वयात! आणि उद्या मी मेले तर माझी पाटी कुणाशेजारी ठेवतील?"

त्या चंद्रकोरी म्हणजे लाकडाच्या दोन फाका, एक बाजू सपाट, एक फुगीर. जमिनीवर टाकल्या की एक उताणी एक पालथी पडली तर हो. दोन्ही पालथ्या तर नाही. त्यापुढे कुणाचंच काही चालत नाही. आणि जोवर त्या हो म्हणत नाहीत तोवर माणसाच्या कटोऱ्यातली उदबत्तीची राख पूर्वजांच्या कटोऱ्यात मिसळता येत नाही, तो बाहेरचा तो बाहेरचाच.

"रोज म्हणते, चला घरी," वहिनी म्हणाली. "ऐकतच नाहीत. काहीतरी काम अडलंय त्यांचं."

काम! मला शेठचं बोलणं आठवलं आणि डोक्यात तिडीक गेली. हा लॉट म्हातारा होऊ द्यायचा नाही, असं सांगून शेठ मोकळे झाले, आणि पुरे म्हणून सांगायला कुणी गेलंच नाही.

मी शेठना गाठलं. "तुम्ही दिलेलं काम तुम्हीच मागे घ्या. गोदामात यायचं, दादांच्या टेबलासमोर उभं राहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, छिन-फू, काम संपलं, घरी जा."

"आणि लॉट?"

"लॉट म्हातारा होईल. मोडीत जाईल."

"महिनाअखेर बँकवाला येतोय ताई!" शेठ केविलवाणे झाले. "एवढा महिना जाऊ दे. तीन वर्षं थांबलाय तो, आणखी एक महिना—"

"शेठ, वहिनी तीन वर्षं रिकाम्या पाटीला उदबत्ती लावतेय. आणि बँकवाल्याचं म्हणाल, तर नव्या सॉफ्टवेअरमध्ये जन्मतारीख दिसते. आता दादांनी रोज खोकी हलवली तरी तुमचं बिंग फुटणारच. फुकट राबवताय माणसाला."

शेठनी टेबलावरचे कागद उगाच नीट रचले. मग म्हणाले, "त्याला डुकराचं रटरटून शिजवलेलं मांस आवडायचं ना, चरबीवालं? माझ्या बायकोला सांगतो करायला." माणूस भित्रा आहे, पण वाईट नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिवे मालवल्यावर आम्ही तिघं आत गेलो. टेबलावर मांस, भात, संत्री मांडली. वहिनीनं दादांचं कामाचं जाकीट आणलं होतं, घडी घातलेलं. शेठनी उदबत्त्या लावल्या, घसा खाकरला, आणि कारखान्यात कधी कुणाशी बोलले नसतील अशा आवाजात बोलले.

"छिन-फू, मी चुओ. तुला सांगितलेलं काम संपलं. लॉट मोडीत काढतोय. नुकसान माझं मी बघतो. तू घरी जा. फार केलंस."

वहिनीनं चंद्रकोरी टाकल्या. दोन्ही पालथ्या.

पुन्हा टाकल्या. दोन्ही पालथ्या. तिसऱ्यांदा टाकल्या तेव्हा एक फाक गरगरत गेली आणि पालथीच पडली. रॅकच्या पलीकडे ढकलगाडीची चाकं वाजली.

"अरे, आणखी काय हवंय तुला?" शेठ रडवेले झाले. "पाया पडू का?" आणि खरंच वाकायला लागले.

"राहू द्या शेठ," वहिनी म्हणाली. ती खाली फरशीवर बसली होती, जाकीट पोटाशी धरून. "तुमचं ऐकणार नाहीत. ते झोपलेत."

"झोपलेला माणूस खोकी हलवतो होय?" मी चिडून म्हटलं. भीती वाटली की मला राग येतो.

"हे काम ते दुपारीच करायचे ना, सगळे झोपले की. कुणी बघू नये म्हणून. मग उरलेला वेळ टेबलावर डोकं टेकायचे. त्या दिवशीही तसंच." तिनं जाकिटाची घडी सारखी केली. "घंटा झाली तशी मी यांना उठवायला आले. रोज मीच उठवायची. यांनी हातांवर डोकं टेकलं होतं. आदल्या रात्री खोकल्यानं डोळ्याला डोळा नव्हता. मला वाटलं, बरी लागलीय झोप. मी माझा स्वेटर यांच्या पाठीवर टाकला, ही नळी बंद केली, आणि बाहेर सगळ्यांना सांगितलं, यांना उठवू नका."

तो दिवस मला आठवत होता. संध्याकाळी ट्रक आला तेव्हा कुणीतरी दादांना हलवलं होतं.

"हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, बराच वेळ झालाय. पण कागदावर त्यांनी हॉस्पिटलच लिहिलं. पुरोहितानं विचारलं, कुठे गेले? तिथून जिवाला हाका मारत घरी न्यायचं असतं, वाटेत पूल आला की सांगायचं असतं. मी म्हटलं, हॉस्पिटलात." वहिनीनं माझा हात घट्ट धरला. "इथे म्हणाले असते तर मला सांगावं लागलं असतं गं, की मी बघून गेले. मी पांघरूण घालून गेले आणि उठवलं नाही. म्हणून हॉस्पिटलातून हाका मारल्या, सगळ्या पुलांवर हाका मारल्या, आणि हे इथेच. अंधारात. दिवा लागल्याशिवाय दुपार संपली हे कळणार कसं यांना?"

मी रडणारी बाई नाही. पण तेव्हा मला रडू आवरेना. तीन वर्षं ही बाई अंधारात बसून जेवली. नळी लावायची ताकद नव्हती तिच्यात, कारण नळी लावली की दादा उठणार, आणि उठले की जाणार. हे तिलाही कळत होतं. शेठनी आणि मी धरून तिला उभं केलं.

बटण भिंतीवर होतं. तिचा हात तिथपर्यंत गेला आणि तसाच थांबला.

"वहिनी," शेठ हळूच म्हणाले, "मी लावू का?"

"नाही. मी बंद केलाय, मीच लावणार."

नळी आधी पेटेना. दोनदा चमकली, गुणगुणली, आणि मग तो सगळा कोपरा लख्ख उजळला. टेबलावरची धूळ दिसली, आणि त्या धुळीत दोन कोपरांएवढी स्वच्छ जागा. वहिनी खुर्चीमागे गेली. खांद्यावर थोपटावं तशी हवेत दोनदा थोपटली.

"अहो, उठा. दुपार संपली. उठा आता, घरी जायचंय."

खुर्ची करकरली. चाकांवर हळूच मागे सरकली, जड माणूस उठताना सरकते तेवढी. शेठनी माझा दंड धरला तो काळानिळा पडेपर्यंत सोडला नाही. निलगिरीचा वास अगदी जवळून गेला. आणि तेवढ्यात बाहेर दीडची घंटा झाली, सगळ्या कारखान्यातले दिवे लागले, माणसं जांभया देत उठली.

वहिनीनं चंद्रकोरी टाकल्या. एक उताणी, एक पालथी.

तिनं जाकीट खांद्यावर घेतलं, पेटती उदबत्ती हातात धरली. मी माझी स्कूटर काढली, म्हटलं मागे बस. ती जागची हलेना. "मी बसले तर ते कुठे बसतील?" शेवटी शेठनी आपली गाडी काढली. मागची सीट दादांसाठी, त्यांच्याशेजारी वहिनी, पुढे मी, आणि चुओ शेठ ड्रायव्हर. कालव्यावरचा पूल आला तशी वहिनीनं काच खाली केली. वाऱ्यानं राख आमच्या सगळ्यांच्या अंगावर उडाली. "पूल आला हं," ती म्हणाली. "सांभाळून या. माझ्या बरोबर या."

शुभ दिवस बघून पुरोहिताला बोलावलं. पहिल्याच खेपेला हो आलं. राख राखेत मिसळली, बाहेरचं टेबल घडी करून माळ्यावर गेलं. दीर म्हणाला, बघा, मी म्हणत होतोच. काय म्हणत होता कोण जाणे.

लॉट नंतर हलला नाही. माझ्या कागदावर त्याचं खरं वय लागलं, बँकवाल्यानं भुवया चढवल्या, शेठनी शिव्या खाल्ल्या आणि थोड्याफार मला दिल्या. पितळ भट्टीत गेलं.

राख मिसळल्यानंतरची ती पहिली दुपार. वाफेच्या पेटीतून आपला डबा काढून वहिनी मधल्या वाटेत उभी होती. गोदामाच्या दाराकडे दोन पावलं गेली, परत आली. पुन्हा गेली.

"ल्वान," ती म्हणाली, "आता मी जेवायला बसू कुठे गं?"

मी तिच्या हातातून डबा घेतला, माझ्या टेबलावरचे कागद बाजूला सारले आणि एक स्टूल ओढलं. आम्ही जेवलो. भात गरम होता, ती फुंकर मारून मारून खात होती. दिवे मालवले तशी तिनं माझ्या टेबलावर हातांची उशी केली, डोकं टेकलं, आणि लगेच पुन्हा वर केलं.

"मला उठवशील ना?"

"उठवेन."

"मी कितीही गाढ झोपलेली दिसले तरी?"

"उठवेन म्हटलं ना. झोप आता."

ती झोपली. मी तिच्या पाठीकडे बघत बसले, श्वासासरशी वर होते का, खाली होते का. त्या दुपारी मी डोळा मिटला नाही.